नाममुद्रा आणि संकेतांक

गेल्या सत्रात म्हैसूर येथे तौलनिक साहित्याच्या वर्गात, एका भाषेतील कृती दुसऱ्या परंपरेत गेली म्हणजे तिचे काय होते, या विषयावर बोलत होतो. विद्यार्थ्यांना एखादे ध्वनिमुद्रण ऐकवावे असे मनात आले. वर्गात बहुतेक सर्व कन्नडभाषक, काही तेलुगू आणि मलयाळी; मराठी कोणालाच येत नव्हते. मी खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांनी गायिलेले 'चंद्रिका ही जणू' हे नाट्यपद निवडले. या निवडीला कारण होते. उत्तरेत किराना येथे जन्मलेला, मिरजेस स्थायिक झालेला, म्हैसूरच्या दरबारी मान मिळविलेला आणि कर्नाटक संगीताकडे आस्थेने पाहणारा हा थोर गवई मराठी रंगभूमीचे पद गातो, या एका घटनेत आमच्या विषयाला लागणारी बरीचशी सामग्री आहे.

पद ऐकून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "शब्द कोणाचे आहेत?" मी उत्तर दिले. परंतु तिची दृष्टी पडद्यावर होती, आणि पडद्यावर ते उत्तर नव्हते. तेथे गायकाचे नाव होते, कोणत्याशा संकलनाचे नाव होते आणि वर्षाच्या जागी अलीकडचे एक वर्ष होते. खाँसाहेबांचे निधन १९३७ साली झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नाव नव्हते, गोविंदराव टेंब्यांचे नव्हते, १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाचे तर नव्हतेच. पुढे शोध घेतला तेव्हा हेच ध्वनिमुद्रण आणखी काही ठिकाणी आढळले. प्रत्येक ठिकाणी पदाचे रोमन लिपीतील लेखन निराळे होते, आणि एके ठिकाणी तर त्यास ठुमरी म्हटले होते.

हा निव्वळ निष्काळजीपणा आहे असे म्हणून तो सोडून देता येईल. मला तसे वाटत नाही. आज संगणकीय मार्गाने वितरित होणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक संकेतांक असतो. जे ध्वनिमुद्रण आम्ही वर्गात ऐकले त्यालाही तो असणारच. म्हणजे वस्तूला क्रमांक होता, पण तिची ओळख नव्हती. संकेतांकाची व्यवस्था मुळात चांगली आहे. परंतु त्या संकेतांकापुढे काय लिहावयाचे याची जबाबदारी जाणत्या माणसांनी घेतलेली नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर ही जबाबदारी भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांची आहे, एवढेच मला या लेखात म्हणावयाचे आहे.

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. आंतरराष्ट्रीय प्रमाण ध्वनिमुद्रण संकेतांक, ज्याला रूढ भाषेत आयएसआरसी म्हणतात, तो १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. तो बारा स्थानांचा असतो. पहिली दोन अक्षरे मूळ योजनेप्रमाणे देशाची, भारतासाठी 'आयएन'. पुढची तीन स्थाने संकेतांक देणाऱ्या निर्मात्याची. नंतरचे दोन अंक वर्षाचे. आणि अखेरचे पाच अंक त्या वर्षातील अनुक्रमाचे. २०१९ च्या सुधारणेपासून पहिली पाच स्थाने मिळून एकच पूर्वपद मानले जाते, आणि त्यावरून देश ओळखू पाहणे आता विश्वासार्ह राहिलेले नाही. आपल्याकडे ही पूर्वपदे देण्याचे काम 'इंडियन म्युझिक इंडस्ट्री' ही ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांची संघटना पाहते. नियम असा की एका ध्वनिमुद्रणाला एकच संकेतांक असावा. मालकी बदलली तरी तो बदलत नाही. तेच ध्वनिमुद्रण दहा संकलनांत आले तरी संकेतांक तोच. परंतु त्याच गायकाने तेच पद दुसऱ्या दिवशी पुन्हा गायिले, तर ते नवे ध्वनिमुद्रण होय आणि त्याला नवा संकेतांक हवा.

या संकेतांकाने ध्वनिमुद्रण ओळखले जाते. बाजारात येणारा संग्रह ओळखला जात नाही. त्यासाठी निराळा क्रमांक आहे, आणि तो किराणा दुकानातून आला आहे. १९७४ साली अमेरिकेत ओहायो राज्यातील एका दुकानात चघळण्याच्या गोंदाच्या पुडक्यावरील उभ्या रेघा यंत्राने प्रथम वाचल्या; त्याच जातीचा बारा किंवा तेरा अंकी क्रमांक आज गाण्यांच्या संग्रहाला दिला जातो. तिसरा संकेतांक कृतीचा, म्हणजे शब्द आणि चाल मिळून जी रचना होते तिचा. आयएसडब्ल्यूसी या नावाचे हे मानक २००१ चे असून, लेखक-संगीतकारांच्या हक्कसंस्थांच्या जागतिक महासंघाकडे त्याची व्यवस्था आहे. चौथा क्रमांक व्यक्तीचा. आयएसएनआय नावाचा हा सोळा स्थानांचा क्रमांक २०१२ च्या मानकाने आला, आणि तो गायकापासून ग्रंथकारापर्यंत कोणालाही मिळू शकतो.

हे सारे फार यांत्रिक वाटेल. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला यातील भेद नवा वाटू नये. 'ज्ञानेश्वरी' ही कृती. तिचे एखादे हस्तलिखित ही प्रत. आणि प्रकाशकाने बाजारात आणलेली छापील पोथी ही आवृत्ती. या तीन गोष्टींची गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण पहिल्याच महिन्यात दुरुस्त करतो. संगीताच्या क्षेत्रात 'मानापमाना'तील पद ही कृती, खाँसाहेबांनी ते गायिले ते ध्वनिमुद्रण ही प्रत, आणि आजच्या वितरकाने काढलेले संकलन ही आवृत्ती. वर्गातील पडद्यावर जे वर्ष दिसले ते आवृत्तीचे होते. ते प्रतीचे नव्हते, कृतीचे तर मुळीच नव्हते. तीन पातळ्यांचे एकाच ओळीत मिश्रण झाले, आणि त्यात ज्याची पातळी सर्वांत खालची, त्याचेच वर्ष वर आले.

संकेतांकातील वर्षाच्या दोन अंकांनीही असाच भ्रम होतो. ते अंक संकेतांक दिल्याच्या वर्षाचे असतात, गाणे गायिल्याच्या वर्षाचे नव्हेत. १९०२ सालच्या तबकडीला कोणी २०१२ साली संकेतांक दिला, तर त्यात 'बारा' येईल. आणि एखाद्या संकेतांकात 'शून्य दोन' दिसले तर ते २००२ होय, १९०२ नव्हे. संकेतांकातून इतिहास वाचू पाहणाऱ्याची अशी फसगत होते. संकेतांकाचे काम इतिहास सांगणे नाही, हे आधी मान्य केले म्हणजे तो इतिहास कोठे लिहावयाचा हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

या ठिकाणी थोडे मागे जाणे उपयुक्त ठरेल. आपल्या परंपरेत कृतीची ओळख कृतीच्याच पोटात ठेवण्याची एक रीत होती. मराठी संतांच्या अभंगात शेवटच्या चरणात कवीचे नाव येते. कर्नाटकात या खुणेला 'अंकित' म्हणतात. बसवण्णांच्या वचनांत कूडलसंगमदेव, अक्कमहादेवीच्या वचनांत चेन्नमल्लिकार्जुन, पुरंदरदासांच्या पदांत पुरंदरविठ्ठल. मराठी कवी आपले नाव घालतो, वचनकार आपल्या दैवताचे नाव घालतो. तौलनिक अभ्यासाला हा भेद मोठा रोचक आहे. परंतु दोहोंचे कार्य एक. मुखोमुखी जाणाऱ्या रचनेला कागदाचा आधार नाही, मुखपृष्ठ नाही, म्हणून नाव गाण्याबरोबरच गायिले जाते. गाणारा कोणीही असो, कर्त्याचे नाव उच्चारल्यावाचून त्याला पद संपविता येत नाही.

यंत्रयुगाच्या आरंभी हीच रीत निराळ्या रूपाने पुन्हा अवतरली. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेडरिक गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच त्या स्पष्ट इंग्रजीत आपले नाव उच्चारीत. पुढे अनेकांनी त्याची थट्टा केली, परंतु त्यामागे व्यवहार होता. मुद्रित झालेल्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. कलकत्त्याचा कारखाना १९०८ पर्यंत निघालेला नव्हता. हॅनोव्हरच्या कारागिराला गाण्याची भाषा कळत नव्हती, गायिकेचा आवाज परिचित असण्याचा प्रश्न नव्हता. तबकडीवर कोणाचे नाव छापावे हे त्याला गाण्याच्या अखेरीस ऐकू येई. ही यंत्रयुगातील नाममुद्राच म्हटली पाहिजे. म्हैसूरकरांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण या गायिकेचे अखेरचे दिवस याच नगरात गेले. नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांच्या दरबारात १९२८ साली त्यांची नेमणूक झाली, आणि १७ जानेवारी १९३० रोजी येथेच त्यांचे निधन झाले.

उच्चारलेल्या नावाबरोबर आणखी एक खूण त्या तबकड्यांवर असे. मधल्या कागदी चकतीच्या कडेला, लाखेत कोरलेला, साच्याचा क्रमांक. चकतीवर छापलेला विक्रीचा क्रमांक निराळा. विक्रीचा क्रमांक बदले, चकतीचा रंग बदले, किंमत बदले. परंतु तोच साचा असेल तर कोरलेला क्रमांक तोच राही. जुन्या तबकड्यांचे संग्राहक नवी तबकडी हाती आली की चकती वाचण्याआधी तिरप्या उजेडात तो कोरीव आकडा पाहतात, याचे कारण हेच. आजचा ध्वनिमुद्रण-संकेतांक हा त्या कोरीव आकड्याचा वारस आहे आणि संग्रहाचा क्रमांक हा विक्रीच्या क्रमांकाचा. फरक एकच, पण महत्त्वाचा. कोरलेला आकडा तबकडी फुटेपर्यंत तबकडीबरोबर राहतो. आजचा संकेतांक ध्वनीच्या बाहेर, ध्वनीला जोडलेल्या माहितीत असतो. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना ती माहिती गळू शकते, बदलू शकते, आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मात्र जुन्या खुणांचे गोडवे गाऊन थांबणे योग्य होणार नाही. नाममुद्राही फसवी ठरत आली आहे. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या पुढच्या काळातील कवीची पदे मिसळली, कारण दोघांची मुद्रा सारखी. तुकोबांच्या मुद्रेने किती अभंग मागाहून रचले गेले हा तर संशोधकांचा जुना वादविषय. खूण असणे ही एक गोष्ट आणि त्या खुणेचा अर्थ निश्चित करणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट कोणीतरी बसून, प्रती पडताळून, करावी लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'चा पाठ शुद्ध केला तो अशाच कामाचा मराठीतील मानबिंदू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे आधुनिक रूप. तेथे निवडलेल्या प्रत्येक हस्तलिखिताला अक्षरांचा एक लहानसा संकेत दिलेला आहे. तो संकेत आपल्याला काही सांगत नाही. परंतु त्याच्या आधाराने संपादकांनी जे लिहून ठेवले आहे ते सर्व सांगते. संकेत आणि टीप यांची ही जोडी आहे. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत आपल्याकडे संकेत आले, टीप आली नाही.

टीप न आल्याचे परिणाम काय होतात ते पाहू. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतर साठ वर्षे चालतो. पुढे ते सर्वांचे होते. हे इष्टच आहे. परंतु सर्वांचे झाले म्हणजे ज्याला वाटेल त्याने ते संगणकीय वितरणात आणावे आणि त्याला आपल्या पूर्वपदाचा नवा संकेतांक द्यावा, असे घडते. एका ध्वनिमुद्रणाला एकच संकेतांक हा नियम कागदावर राहतो आणि बालगंधर्वांच्या एकाच तबकडीला अनेक संकेतांक चिकटू शकतात. त्यात बहुतेकांनी मूळ तबकडी पाहिलेली नसते. कोणीतरी केलेल्या प्रतीची प्रत त्यांच्या हाती असते. जुन्या तबकड्या सर्वच मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या नसत. गती चुकली की स्वर चढतो किंवा उतरतो, आणि गायकाची पट्टीच बदलून जाते. एका संकेतांकाखाली काळी चार, दुसऱ्याखाली काळी पाच. कोणत्या प्रतीवर भरवसा ठेवावा हे सांगणारी टीप कोठेच नाही.

नावांचा घोटाळा याहून मोठा आहे. मराठी रसिकाला बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व ही चार निरनिराळी माणसे आहेत हे सांगावे लागत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर नागनाथ गोरे आणि शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. यांतील दोघे कन्नड मुलुखात जन्मले, एक कुंदगोळचा आणि एक बेळगावजवळच्या सुळेभावीचा. परंतु जो वितरक परप्रांतात बसून रोमन लिपीतील यादी भरतो, त्याला 'गंधर्व' हे आडनाव वाटते. मग पहिले नाव गळते, आणि चौघांची गाणी एका खात्यात जातात. याउलट एकाच बालगंधर्वांचे नाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते आणि एका माणसाची चार-पाच माणसे होतात. व्यक्तीसाठी सोळा स्थानांचा क्रमांक ज्या हेतूने निघाला तो हेतू नेमका हाच. पण क्रमांक जोडताना कोणता गंधर्व हे ठाऊक असलेला माणूस हजर पाहिजे.

तिसरा घोटाळा कर्त्याचा. वितरणासाठी ध्वनिमुद्रण देताना गीतकार आणि संगीतकार यांची नावे भरावयाची असतात. अभंग गाणारा नवा गायक तेथे अडतो. कोणी गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असे लिहितो, कोणी स्वतःचेच नाव घालतो. दोन्ही चूक आहे. चाल पारंपरिक असू शकते. अभंग पारंपरिक नसतो. तो तुकोबांचा असतो, जनाबाईचा असतो, चोखोबांचा असतो. ज्या जनाबाईने आपले नाव गाण्यात गुंफून ठेवले, त्याच गाण्यावर आज 'कवी अज्ञात' अशा अर्थाची चिठ्ठी लागते. गाणे चालू असते, नाव कानांवर पडत असते आणि पडद्यावर त्याच वेळी ते नाकारले जात असते. चोखोबांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष बोचावी. ज्याला हयातीत देवळाच्या पायरीपाशी थांबविले, त्याला आता नोंदवहीच्या दारातही आपण थांबवावे काय?

यात केवळ मानाचाच प्रश्न नाही, पैशाचाही आहे. खाडिलकर १९४८ साली आणि टेंबे १९५५ साली निवर्तले. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा हक्क दोघांच्याही बाबतीत संपलेला आहे. परंतु ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले आणि सुधीर फडके २००२ साली. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने प्रसारित केलेल्या 'गीतरामायणा'तील छप्पन्न गीतांचे शब्द आणि चाली आजही हक्काच्या मुदतीत आहेत. आकाशवाणीवर ती अनेक गायकांनी गायिली, पुढे फडक्यांच्या स्वरात तबकड्या निघाल्या, कन्नडसह अनेक भाषांत अनुवाद झाले आणि मूळ चालींवर गायिले गेले. येथे कृती किती, ध्वनिमुद्रणे किती, अनुवादकाचा वाटा कोणता आणि चालीचा कोणता, हे कृतीच्या संकेतांकाला ध्वनिमुद्रणाचे संकेतांक नीट जोडल्यावाचून ठरणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाच्या वाट्याचा असा हक्क दिला, की तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. १९६९ साली स्थापन झालेली 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' हा वाटा गोळा करून वाटते. कायदा चांगला, संस्था आहे. पण ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत गीतकाराची जागा रिकामी असेल, तर पैसा कोणाच्या दारी जाणार? रिकाम्या जागेला वारस नसतात.

नव्या कलावंताची अडचण आणखी साधी आहे. लहान गावातील गायिका एखाद्या वितरकामार्फत आपली गाणी प्रसिद्ध करते. संकेतांक वितरक देतो. तिला तो ठाऊकही नसतो. पुढे ती दुसऱ्या वितरकाकडे जाते, तेथे त्याच गाण्याला नवा संकेतांक मिळतो, आणि आधीच्या श्रोत्यांचा हिशेब जुन्या संकेतांकापाशी राहतो. आपल्या गाण्याचा संकेतांक आपल्या वहीत लिहून ठेवावा आणि वितरक बदलताना तोच पुढे चालविण्याचा आग्रह धरावा, एवढे तिला कोणी सांगितलेले नसते. जमिनीचा गट नंबर जो शेतकरी पाठ म्हणतो, त्याच्या मुलीने आपल्या गाण्याचा क्रमांक विसरू नये.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की कलेला किराणा मालाचे क्रमांक लावणे हेच मुळी हीन अभिरुचीचे लक्षण आहे. या आक्षेपामागील भावना मी समजू शकतो. परंतु आपल्या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक असतो आणि त्याने कालिदासाचा अपमान झाला असे कोणी म्हणत नाही. क्रमांक नसलेले पुस्तक मात्र सापडत नाही. याच म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात एका ताडपत्रावर कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' आहे हे १९०५ साली आर. शामशास्त्री यांनी ओळखले आणि १९०९ साली ते छापून प्रसिद्ध केले. ताडपत्र हाती येणे पुरेसे नव्हते. त्यात काय आहे हे ओळखणारा माणूस तेथे बसलेला होता, म्हणून जगाला तो ग्रंथ मिळाला. दुसरा आक्षेप आधुनिकांचा. ध्वनी ऐकून गाणे ओळखणारी यंत्रे आली आहेत, मग नोंदी कशाला? यावर उत्तर असे की दोन ध्वनी एकच आहेत हे यंत्र सांगू शकते. परंतु त्या ध्वनीचे नाव त्याला आधी कोणीतरी सांगावे लागते. चुकीचे सांगितले तर ते ती चूक सर्वत्र आणि बिनतक्रार सांगत राहील.

मग करावे काय? सुदैवाने आरंभ शून्यातून करावयाचा नाही. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली, आणि ती १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने छापली. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संग्राहकांच्या संस्थेने आपल्या नियतकालिकातून तबकड्यांची पुष्कळ माहिती नोंदविली आहे. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर मराठी गीतांचे शब्द गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या नावांसह देवनागरीत मिळतात. ही सर्व कामे मुख्यतः हौशी मंडळींच्या निष्ठेने उभी राहिली आहेत. विद्यापीठांतील मराठी विभागांनी त्यांच्याकडे संशोधन म्हणून क्वचितच पाहिले. प्राचीन हस्तलिखितांच्या सूचीला आपण पदवी देतो. तबकड्यांच्या सूचीला छंद म्हणतो.

माझी सूचना अशी. मराठी विभागांनी आणि संगीताच्या विभागांनी मिळून मराठी ध्वनिमुद्रणांची एक संगतिसूची करावी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक नोंद. तीत कृती, कवी, चाल कोणाची, नाटक वा चित्रपट, गायक, साथीदार, साच्याचा क्रमांक, विक्रीचा क्रमांक, आणि शेवटी आजवर त्याला जे जे संकेतांक मिळाले ते सर्व, एकाखाली एक. नवा संकेतांक देण्याची गरज नाही. असलेले संकेतांक योग्य माणसापाशी आणून सोडावयाचे आहेत. नावे प्रथम देवनागरीत आणि मग ठरलेल्या एका रोमन रूपात असावीत. अभंगाच्या नोंदीत कवीच्या जागी संताचे नाव असावे आणि कर्तृत्वाविषयी वाद असेल तर तसे लिहावे. सूची सर्वांना खुली असावी, म्हणजे वितरकाला चूक करण्यासाठी सबब उरणार नाही. हे काम एका पिढीत पुरे होईल असे नाही. महाभारताचेही एका पिढीत झाले नव्हते.

भाषाभगिनींची सोबत येथे लाभेल असे मला वाटते. पुरंदरदासांच्या पदांची जी दशा वितरणात होते ती अभंगांहून निराळी नाही, आणि कन्नड रंगभूमीच्या तबकड्या मराठी तबकड्यांच्या शेजारीच, पुष्कळदा एकाच संग्राहकाच्या कपाटात आहेत. भारतीय भाषा संस्थान १९६९ पासून ज्या नगरात आहे तेथे अशी संयुक्त नोंद सुरू करण्यास अधिक योग्य जागा कोणती असेल?

येत्या सत्रात मी वर्गाला निबंधाऐवजी हेच काम देणार आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या भाषेतील एक जुने ध्वनिमुद्रण घ्यावे आणि त्याची नोंद पूर्ण करावी. पहिली नोंद त्या विद्यार्थिनीने आधीच करून आणली आहे. तिने खाडिलकरांचे आणि टेंब्यांचे नाव कन्नड लिपीत लिहिले आहे, मला देवनागरीत लिहून देण्यास सांगितले आहे, आणि साच्याच्या क्रमांकाची जागा कोरी ठेवून खाली लिहिले आहे: मूळ तबकडी पाहून भरावा.